पियानोच्या पोटातला तांब्या

— न्हाय हो सायब, झाकन नगा उघडू, आत पान्याचा तांब्या हाय! सांडला तर बाई मला उभी चिरतील. व्हय, पियानोच्या पोटात पानी. सोलापूरचं ऊन काय थोडंय? लाकूड तडकतं. बहात्तरच्या दुष्काळात आमी दोन तांब्यांत आंगूळ उरकली, पन ह्याचा तांब्या रिता ठिवला न्हाय. बसा की, त्या स्टुलावरच बसा. पुन्याहून आलाय, च्या तरी घ्या. कमलाकररावानीच धाडलं न्हवं? आमच्या गोदावरीबाईंचा पुतन्या. आत्या दोन म्हैनं मिरजंला दवाखान्यात, आनि ह्यो हितं पियानोला गिऱ्हाईक धाडतोय — लई काळजी हो आत्याची!

मी शिवम्मा, वळसंगची. भाकरी थापायला आले या घरात, त्याला सव्वीस वर्सं झाली की.

काय म्हनता, सूर उतरलाय? उतरनारच. मुंबईचा सूर लावनारा यायचा बंद झाला, मग बाईंनी काय केलं ठावं हाय? गिरनीचा भोंगा झाला की तारा पिळायची किल्ली घेऊन बसायच्या. एक तार भोंग्याला मिळवायच्या, बाकीच्या तिच्या मागनं. आख्खा पियानो गिरनीच्या मापाचा! आमच्या शिकवनीच्या पोरी मुंबईला परीक्षेला गेल्या, तितला पियानो ऐकून म्हनल्या, ह्यो चढलाय! परीक्षक लई हसला — पन पास केलं की. अवो, बाई म्हंजे काय साधी बाई? मडमेकडं शिकल्या. थेटरात मुक्या शिनेमाला पियानो वाजवनारी सोलापुरातली पैली बाई. लोक म्हनायचे, मास्तराच्या पोरीनं लाज सोडली. आता त्याच लोकांच्या नाती हितं रांग लावून बसत्यात.

हात? कमलाकररावानी सांगितलं व्हय? — डाव्या हातावरनं वारं गेलं, वर्स झालं. पन शिकवनी एक दिस बंद न्हाय. कशी म्हंजे? उजवा हात बाईंचा, डावा माजा. सव्वीस वर्सं चुलीपुढं बसून ऐकलंय, बोटास्नी आपसूक ठावं झालं. बाईंनीच हाताला धरून बसवलं — अय्यय्यो, बोलले की मी! कुनाला सांगू नगा हां. पोरींनी एकीनंबी घरात सांगितलं न्हाय. आयबापास्नी कळलं सैपाकीन शिकवती, तर उद्या एक पोर यायची न्हाय. आनि पोरी तुटल्या की बाई मिरजंतच खचतील.

जाताना काय म्हनल्या? "शिवम्मा, मी येईन तवा तांब्या भरलेला असू दे." पियानो सांभाळ म्हनल्या न्हाईत, तेवडं त्या धरूनच चालल्या. आता तुमीच सांगा, पियानोच नेलात तर तांब्या ठिवू कुटं?

— ऐका, भोंगा! थांबा, ही पट्टी दाबते. जुळलं का न्हाय? पुन्यात कशाला जुळंल ह्यो?

पोरी आल्या बगा दारात. व्हय, शिकवनी हाय. डावा माजाच. उजवा? — दोन म्हैनं झालं, त्योबी माजाच. उटा सायब, स्टूल लागतंय मला.