पांढऱ्यावर पांढरं

नाही, लॅपटॉप मिटू नका. इंटरनेटवर शोधलं की सहाव्या पानावर दिसतो म्हणालात ना आम्ही? मग वर पाचच पानं आहेत, ताई — मी छत्तीस वर्षं कारकुनी केली, तळाची फाईल वर आणणं हाच आमचा धंदा. आणि माझ्या फोनवर तर आमची वेबसाइट रोज पहिलीच येते. ही बघा, पहिली! — काय? मीच सारखी उघडतो म्हणून माझ्याच फोनला ती वर दिसते? म्हणजे आरशात बघून गर्दी मोजण्यातला प्रकार. बरं. बरं नाहीच, पण बरं.

जरा हळू बोला. आत ही काम करतेय — ती ठकठक ऐकू येते ना? हातोडीनं पुस्तकाचा कणा गोल करतेय. घरातली बाइंडर ती, मी नुसता वेबसाइटवाला. एकतीस वर्षं कोर्टासमोर दुकान होतं हिचं, वकील रांगेत उभे राहायचे — आणि वकील रांगेत उभे राहतात म्हणजे काम कसं असेल बघा. मीच म्हटलं, गुडघे दुखतात, घरी बसून कर, वेबसाइट काढतो, गिऱ्हाईक जगभरातून येईल. तिनं विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. उभ्या नोकरीत कधी 'नक्की' लिहिलं नाही, 'विचाराधीन' लिहिलं, आणि म्हातारपणी ही अवदसा आठवली. सहा महिने झाले, जग अजून यायचंय. शनिवारी मात्र भंगारवाला येणार आहे, तिचा तो पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस न्यायला. तिनंच बोलावलाय. एकदा मनगट मुरगळून चार दिवस बसून होती, तर पडद्याचे टाके मोजत होती हो — प्रेस गेल्यावर काय मोजेल? म्हणून म्हणतो, शनिवारच्या आत पहिलं पान. कसंही करा.

— काय सापडलं? लपलेले शब्द? ते... ते मीच. कुणीतरी सांगितलं, शब्द जितक्या वेळा येईल तितका नंबर वर. म्हणून 'पुस्तक बाइंडिंग' चारशे वेळा लिहिलं, आणि वाचणाऱ्याला वैताग नको म्हणून पांढऱ्यावर पांढरं. जन्मभर पांढऱ्यावर काळं केलं, म्हटलं ही सुधारणा. — त्याचीच शिक्षा? त्यामुळंच खाली ढकलले गेलो? म्हणजे दुकानही मीच बंद केलं आणि वेबसाइटही मीच बुडवली. हसा, हसा. मलाही हसायचंय, पण आवाज आत जाईल.

फोटो? तिच्या खऱ्या कामाचे फोटो लागतील? — आहेत. म्हणजे पुस्तकंच आहेत. अकरा. या कॉटखालच्या ट्रंकेत. — गिऱ्हाइकांची पुस्तकं आमच्या ट्रंकेत कशी? ताई, तुम्ही ऑडिटमध्ये शोभला असता. गिऱ्हाईक लांबचं आहे — एक निवृत्त न्यायाधीश, एक डॉक्टरीणबाई, एक बोटीवरचे कॅप्टन... — सगळ्या ऑर्डरी एकाच फोनवरून आलेल्या दिसतात? बंद करा तो तक्ता. बंद करा म्हणतो ना! — माफ करा. पाया पडतो, तिला सांगू नका. हातोडी चालू राहावी एवढंच होतं हो. आधी खोट्या नावांनी माझीच कपाटातली पुस्तकं बांधायला घातली, ती संपली, मग शब्दकोश, मग रेल्वेचं जुनं वेळापत्रक, मग टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा — कॅप्टनना म्हणे तिच्यात जुने मित्र भेटतात. डिरेक्टरीला तिनं चामड्याची पाठ लावली, ताई! खाकी कागदात बांधून देते, मी पोस्टात टाकतो म्हणून निघतो, बागेत तासभर बसतो, आणि ती आंघोळीला गेली की ट्रंकेत. एकही उघडलं नाही. कुठल्या तोंडानं उघडू? आता ठोकतेय ते बारावं. तेरावं नाही. घरात छापील असं काही उरलंच नाही.

घ्या, सोडा दोरी. हे कॅप्टनचं. शिवण बघा, कणा बघा — आणि खाली सोनेरी अक्षरांत मालकाचं नाव, ही तिची कोर्टासमोरची पद्धत, ज्याचं पुस्तक त्याचं नाव, त्याशिवाय ती पुस्तक घराबाहेर—

काय झालं? बघू. चष्मा द्या तो.

चुकून झालं असेल. न्यायाधीशांचं काढा. डॉक्टरीणबाईंचं... हे सगळ्यात पहिलं, सहा महिन्यांपूर्वीचं.

यावरही माझंच नाव.

एक अक्षर वाकडं नाही, बघा. आणि दर खेपेला विचारायची — "आवडलं का हो कॅप्टनना?" मी सांगायचो, फार. म्हणजे भंगारवाला तिनं... माझं कपाट रिकामं झालेलं दिसलं म्हणून. मला सोडवायला.

तुम्ही निघा आता. ते पांढरे शब्द तेवढे पुसा, चारशेच्या चारशे. दार हळू ओढा... थांबा. ताई, आतली ठकठक कधी थांबली?