पट कमी झाला म्हणून

माझं माहेर हडपसरचं, पण आत्ताचं हडपसर न्हाई, तेव्हा आमच्या दारापर्यंत कांद्याचं रान व्हतं. चौथीनंतर मला शाळेतून काढली. पुढची शाळा लांब, वाटेत ऊस, पोरीला सोडायला रोज कोण जाणार, आई म्हणाली बास झालं. मग लग्न होऊन पेठेत आले. मालक छापखान्यात व्हते, ते गेल्यावर मला इथल्या सरकारी शाळेत शिपायाचं काम लागलं. शिपाई म्हणजे काय सांगू तुम्हाला, घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, कुणी चड्डी ओली केली तर बदलायची, कुणाची आई उशिरा आली तर त्याला धरून पायरीवर बसायचं. सगळी मला मावशी म्हणायची.

तेव्हा शाळा गच्च, दोन पाळ्यांत भरायची. मग वाडे पडले, इमारती झाल्या, तिथले भाव आमच्यासारख्यांना कुठले परवडायला, माणसं निघाली, कोण वाघोलीला गेलं, कोण कात्रजच्या पुढं. राहिले त्यांची पोरं इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बशीत. आमच्याकडं यायची ती हाटेलात भांडी घासणाऱ्या बायांची, वॉचमनची, कर्नाटकातनं आलेल्या गवंड्यांची. आली तेव्हा मराठीचा शब्द यायचा न्हाई, आणि दिवाळीपर्यंत मराठीत भांडायला लागायची. ही पोरं पोरं न्हाईत का हो? वर्ग अर्धा भरला म्हणून आत बसलेलं पोर अर्धं होतं का?

तर एक दिवस वरच्या ऑफिसातले साहेब आले. वर्गात डोकावले पण न्हाईत. मागचं मैदान बघितलं आणि बरोबरच्याला विचारलं, इथं गाड्या किती लागतील. मी चहा घेऊन शेजारी उभी, माझ्या कानानं ऐकलं. मग बाईंना म्हणाले, पट कमी झालाय, समायोजन करावं लागेल. बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. ते गेल्यावर मी विचारलं, बाई, समायोजन म्हणजे काय. त्या खाली बघत म्हणाल्या, मावशी, शाळा बंद. मग बंद म्हणा की सरळ. मराठी शाळा बंद करायला मराठी शब्द तरी आम्हाला कळंल असा वापरा.

पोरांना पाठवणार कुठं, तर मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या शाळेत, जिथनं स्वारगेटच्या बशी सुसाट जातात. मी पाच-सहा आयांना घेऊन ऑफिसात गेले. बायांनी खाडा केला त्या दिवशी. साहेब म्हणाले, मुलं कुठे आहेत आता पेठेत. मी म्हणलं, ह्या समोर उभ्या हायेत त्यांची हायेत की. तर मला म्हणतात कसे, मावशी, तुमची नोकरी कुठे जातेय, तुमची बदली होईल, तुम्हाला काय त्रास. मी म्हणलं, साहेब, मला त्रास न्हाई हाच मला त्रास हाय. ते हसले. विचार करू म्हणाले.

विचार केला तो असा, की दिवाळीच्या सुट्टीत ट्रक आणला. पोरं न्हाईत, बाई न्हाईत, मी भावाकडं हडपसरला. परत येऊन बघते तर बाकं गेलेली, फाटकाला भलतंच कुलूप. मी फाटकाला लाथ मारली, ह्या वयात. पायाचं नख गेलं.

सुट्टी संपली, मी नव्या शाळेत हजर झाले, पण आमची निम्मी पोरं आलीच न्हाईत. तिसरीतली भाग्या आली न्हाई, गवंड्याची पोर, वाचायला लई हुशार. मी तिच्या खोलीवर गेले. आईबाप कामावर. ही भात शिजवत व्हती, आणि धाकटा सिद्धू, त्याच्या पायाला ओढणी बांधून ती खिडकीच्या गजाला बांधलेली. म्हणाली, मावशी, तो रस्त्यावर पळतो. आमच्या शाळेत बालवाडी व्हती, तो तिथं बसायचा म्हणून ही वर्गात बसायची. नव्या शाळेत बालवाडी न्हाई. संपली भाग्याची शाळा.

मी ओढणी सोडली, गॅस बंद केला आणि दोघांना हाताला धरून रस्ता ओलांडला. नवे सर म्हणाले, हे काय पाळणाघर आहे का? मी म्हणलं, न्हाई सर, शाळा हाय, म्हणून तर आणलंय. सिद्धूला माझ्या स्टुलाशेजारी बसवला. मला मेमो आला, येऊ दे. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा आणला. आता रोज आणते, सरांनी बोलायचं सोडलंय. भाग्या चौथीत हाय.

पण एक भाग्या आणली म्हणजे झालं का? बाकीच्यांच्या घरी पण गेले मी. दोघी बहिणी आईबरोबर धुण्याभांड्याला जातात. आरिफ गणितात कुणाला ऐकायचा न्हाई, तो चहाच्या गाडीवर कप धुतो, आणि मला बघितलं की मान फिरवतो. त्यानं का फिरवावी हो मान? ज्यांनी फिरवायची ते मजेत हायेत. मैदानात गाड्या लागतात आता, पावती फाडून.

पोरं जिथं असतील तिथं शिकू देत, एवढं रोज देवाला म्हणते. सून म्हणते, आत्या, राग सोडा, तुम्हाला बीपी हाय. बीपीची गोळी घेते मी वेळेवर. राग मला लागतो अजून.