अख्खी ट्यूब

माझं माहेर उदगीरकडचं, लगीन झालं आन सरळ ह्या मोठ्या शहरात, हिमायतनगरच्या तबेल्यात आले. आमचे हे वरातीच्या घोड्यांचे सईस, घोड्या सांभाळायचे, आन माझं काम लीद उचलायचं. हसू नका ताई, लीद उचलनं म्हंजे खेळ न्हाई, घोडीचं पोट कसं हाय ते लीदीत दिसतं, म्या फोडून बगायची आन ह्यांना सांगायची. डॉक्टर यायचे ते बी म्हनायचे, रोज लीद उचलली तर अर्धं काम झालं, जंताची अंडी तिच्यातूनच पसरतात. थोडी लीद पुडीत बांधून न्यायचे, दुर्बिणीत बगायचे, आन जिला लागंल तिलाच दवा, वजन बगून.

मग तो सगळा बाजार खुला झाला ना, फारिनचा माल यायला लागला, तवा तबेल्याच्या मालकानं, सेठनं, बाजूचं मैदान इकलं, तिथं फ्ल्याट उठले, आन नऊ घोड्या एवढ्याशा आंगनात दाटल्या. तवाच ट्यूबमधली गोड दवा आली. सेठ म्हनले आता डॉक्टर नक्को, पुड्या नक्को, दर आवसेला सगळ्यांना दवा. आन द्यायची कशी, तर एक ट्यूब तिघींत, प्रसाद वाटल्यावानी. डॉक्टर म्हनले अशी चाटवू नका, जंत मरत न्हाईत, उलट दवेला पक्के व्हतात. तर सेठनं त्यांनाच यायचं बंद केलं. असला हौला, येडा मानूस.

राणी घोडीचं शिंगरू व्हतं, आठ म्हयन्याचं. मला चार लेकरं, पन खरं सांगते, एवढा जीव कुनाला लावला न्हाई. त्याचं पोट माठावानी झालं, केस उभे राह्यले, लीदीत वीतभर पांढरे जंत. म्या ह्यांच्या मागं लागले, ते म्हनले थांब, एवढ्या भरल्या पोटाला आपल्या मनानं काई द्यायचं न्हाई, मी नारायणगुड्याहून डॉक्टरांना घेऊन येतो. गेले, तर डॉक्टर गावाला गेलेले, सकाळी येनार. पन मला कुठला दम. म्हनलं चाटवून चाटवूनच हे झालं, ह्याला पोटभर दवा भेटू द्या. ह्यांच्या नकळत दवेच्या पेटीतली अख्खी ट्यूब त्याच्या तोंडात पिळली. गोड म्हनून चाटत व्हतं माझं बाळ.

सकाळी लोळाय लागलं. डॉक्टर आले, म्हनले सगळे जंत एकदम मेले, त्यांचाच गोळा आतड्यात अडकला, असल्या पोटाला सौम्य दवा द्यायची, जपून. एवढी कडक कुनी दिली. म्या टोपली घेऊन उभी. पेटी ह्यांच्या ताब्यात, दोन दिसांआधी आवसेची दवा बी ह्यांनीच दिलेली. हे म्हनले माझंच माप चुकलं आसंल. दुपारी शिंगरू गेलं. सेठनं ह्यांना काढलं.

पुढं त्याच फ्ल्याटवर हे वाचमन राह्यले, घोड्याला परत हात लावला न्हाई. दोन सालाखाली गेले. शेवटच्या दुखन्यात बी माझा हात धरून तेच, माझा हात जड पडला गं त्याच्यावर. आन म्या म्हनले, आसू द्या, आता कशाला ते.

काय सांगू तुम्हाला ताई, तबेल्यात अजून दर आवसेला चाटवतात, जंत तसेच हायेत, कुनी ऐकत न्हाई. ते जाऊ द्या. तुमी लिवताय तर एवढं लिवा, हात माझा व्हता.