रविवारची लिफ्ट

सन्माननीय अध्यक्ष तात्याराव, पंखा कधीतरी आपल्याकडे वळेल या आशेवर व्यासपीठावर बसलेल्या प्राचार्या नीलाताई, आज जिच्या निरोपासाठी जमलो ती मयुरा, तिच्या कॉलेजच्या सोबती क्लबची मुलंमुली, आणि पुढे चहा आहे म्हणून भाषण सोसणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांनो,

आधी हिशोब. एका आजींना अकराव्या मजल्यावरून तळमजल्यावर आणायला काय खर्च येतो? चार मुलांचे मोजून सहा रविवार, एक प्लास्टिकचं स्टूल, दोन डबे चिवडा आणि माझं थोडं डिझेल. डिझेलचं बिल मी सोसायटीला लावलेलं नाही. तात्याराव, इथे टाळ्या वाजवायला हरकत नाही.

मी विनायक, आपला जनरेटरवाला. दिल्लीत उतरलो तेव्हा खिशात एक स्क्रू-ड्रायव्हर होता. आज गुडगावात नवी इमारत उठली की बिल्डर मला बोलावतो, कारण वीज गेली की लिफ्ट माझ्या जिवावर चढतात. म्हणून मी सगळीकडे छातीठोकपणे सांगतो, लिफ्टला माझ्याइतकं ओळखणारा माणूस या गावात नाही. पोलादी दोर, वर ब्रेक! तिला भ्यायचं कशाला? आणि दुसरं म्हणजे माझे कान. तळघरात उभं राहिलं की लिफ्टच्या पोकळीतून अकराही मजल्यांची बोलणी खाली येतात. घाबरू नका, आज एकच सांगणार आहे.

अलकनंदाआजी राहायला आल्या त्याच दिवशी लिफ्टमध्ये असताना वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंतचा मिनिटभराचा अंधार त्यांनी एकटीने काढला आणि घरात शिरल्या त्या शिरल्याच. गुडघ्यांमुळे जिना बंद, धसक्यामुळे लिफ्ट बंद. सहा महिने! शेवटी त्यांचा मुलगा प्रसन्न म्हणाला, "आई, हे काही जमत नाही. तुला पुण्याला मावशीकडे सोडतो." आजींचा सगळा जीव नातीत. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आता पुण्याला जायचं तरी आधी लिफ्टनेच उतरावं लागणार, हे त्या इंजिनिअर मुलाला सुचलं नव्हतं!

अशात एका रविवारी मयुरा रद्दी मागायला दारात उभी. सोबती क्लब दर रविवारी दिल्लीहून दोन बस बदलून येतो आणि रद्दी विकून शेजारच्या गावातल्या मुलांना वह्या घेतो. आजींनी गठ्ठा दिला आणि म्हणाल्या, "रद्दीचं नशीब बरं. ती तरी खाली जाते."

दुसरं कोणी हसून निघालं असतं. ही पोरगी पुढच्या रविवारी स्टूल घेऊन आली. "आजी, बिल्कुल टेन्शन नका घेऊ. लिफ्ट हलणारच नाही. आपण नुसतं आत बसून चिवडा खायचा."

पहिल्या रविवारी दार उघडं ठेवून चिवडा. नंतर दार लावून चिवडा. मग एक मजला खाली, लगेच वर. खाली भाजीची पिशवी घेऊन ताटकळलेले एक सद्गृहस्थ ओरडत होते, "लिफ्ट आहे की उपाहारगृह?" आवाज मी ओळखला, अध्यक्षमहाराज, पण नाव घेणार नाही.

सहाव्या रविवारी लिफ्ट सातव्या-आठव्या मजल्याच्या मध्ये असताना वीज गेली. वरून आजींचा श्वास ऐकू आला आणि इकडे जनरेटर धरेना. तेवढ्यात क्लबमधला यतीन घाबरून म्हणाला, "चलो, आपण काहीतरी म्हणू या. बारह एकम बारह, बारह दूनी चौबीस..."

"हे काय?" आजी.

"पाढा, आजी."

"मराठी आईबापांचा ना तू? मराठीत म्हण!"

यतीन बारा सक बाहत्तरपर्यंत कसाबसा पोचला. पुढे मयुराने धरलं, तीही अडकली. आजी गरजल्या, "बारा साती चौऱ्याऐंशी! बारा आठी शहाण्णव! पुन्हा म्हणा, सगळे!"

जनरेटर सुरू झाला. दिवा लागला. लिफ्ट तळमजल्यावर आली, दार उघडलं. इतक्या महिन्यांनी समोर जमीन, ऊन, आणि तोंड उघडं टाकून उभा प्रसन्न. आजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "दार लाव. यांचं बारा नवे अठ्ठोदरसे अजून झालेलं नाही."

आणि लिफ्ट वर गेली! मी तळघरात पोट धरून हसलो, आणि डोळेही पुसले.

चौथ्या फेरीला आजी बाहेर आल्या. पुण्याचं तिकीट प्रसन्नने स्वतः रद्द केलं. आता दर रविवारी दहा वाजता इमारतीतले सगळे भित्रे आजोबा-आजी लिफ्टपाशी जमतात, आणि क्लबच्या मुलांचे पाढे सतरापर्यंत आले आहेत.

मयुरा, सगळं पुणं नोकरीसाठी इकडे लोटतंय आणि तू पुण्याला निघालीस. जा, बेटा. रविवारची काळजी करू नकोस, स्टूल आता आजींच्या ताब्यात आहे.

नीलाताईंनी वेळ काढला, तात्यारावांनी लिफ्ट सोडली, आपण सर्वांनी कान दिले, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही अधिक-उणं झालं असेल तर ते पोटात घाला.

चहा अलकनंदाआजींच्या घरी, अकराव्या मजल्यावर आहे. आपण सावकाश लिफ्टने या. मला आत्ताच निघायला हवं. जिन्याने मला अर्धा तास लागतो.