गोदामाच्या छपरामागची टाकी

धक्क्यावर मला जाळीवाली आजी म्हणतात, तेच नाव लिहून घ्यावं. वय एकाहत्तर असेल. धंदा फाटकी जाळी शिवणे. राहणार बर्फाच्या कारखान्यामागे, तिसरी खोली.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, माझी नात, वय एकोणीस, घरी ठमी म्हणतात, आज सकाळी नऊ वाजता कयाक, म्हणजे ती वल्ह्याची अरुंद होडी, घेऊन एकटी समोरच्या बेटाकडे गेली. बाराला परत यायची होती. आता सव्वातीन झाले. आलेली नाही.

ती कयाक भाड्याने देणाऱ्या होडीवाल्याकडे कामाला आहे. पुढ्यात जीपीएसचं यंत्र लावते आणि त्यातल्या बाणामागे जाते. बाण नुसता दिशा दाखवतो, पाणी बाजूला ओढतंय ते किनाऱ्यावरच्या खुणांवरून कळतं, हे मी तिला शंभरदा सांगितलं. ओहोटीला आत येताना खडक उघडे पडतात. धक्क्यावरच्या गोदामामागची पाण्याची टाकी छपराच्या वर मधोमध दिसली, की तेवढीच वाट मोकळी. ती म्हणायची, "तुझ्या टाकीत बॅटरी कुठे घालायची गं, आजी?"

काल संध्याकाळी मी ते यंत्र पिठाच्या डब्यात लपवलं. सकाळी तिने विचारलं. मी म्हटलं, मला काय ठाऊक, डोळे आहेत ना, ते वापर. ती गेली. चहा अर्धा ठेवला.

एक वाजता मी होडीवाल्याकडे गेले. त्याच्या पडद्यावर यंत्राचा ठिपका माझ्या घरावर होता. तो म्हणाला, "पोरगी घरी झोपली असेल, आजी." यंत्र मी डब्यात लपवलंय, हे मी तेव्हा त्याला सांगितलं नाही.

दोन वाजता सांगितलं. त्याने तुमच्या पोलिसांच्या लाँचला कळवलं आणि मला दोघांच्या कयाकमध्ये बसवून धक्क्याबाहेर नेलं. तिथून टाकी दिसेना, नुसतं छप्पर. मी उठायला गेले तर त्याने दंड धरून खाली बसवलं. ह्या खुणा मी नवऱ्याच्या मोठ्या होडीत उभ्याने शिकले. कयाकमध्ये माणूस पाण्यालगत बसतं, आणि छप्पर टाकीला झाकतं. टाकीने डोकं वर काढायला खूप बाहेर जावं लागतं. ठमी तेवढी बाहेर गेली असणार. तोंड वाजवते, पण मी सांगितलेलं करते.

बेटाबाहेर ओहोटीचं पाणी दीपगृहाकडे धावतं. तुमची लाँच बेटाच्या आत फिरते आहे. तिथे ती नाही. सातला अंधार पडतो. लाँच दीपगृहाच्या बाजूला पाठवा. माझ्यावर काय गुन्हा लावायचा तो उद्या लावा, मी कुठे पळते.

जबाब वाचत बसू नका, आधी लाँचवर फोन लावा, असं मी म्हटलं. हवालदारांनी फोन कानाला लावूनच जबाब मला वाचून दाखवला. वाचून झाला तरी पलीकडून कोणी उचललेला नाही. लिहिलंय ते मी बोलले तसंच आहे. मला सही येते, पण वेळ लागतो, म्हणून अंगठा दिला.