एक जूनची साथ

अहो, मग साथ आहे की नाही हे ठरवणार तरी कोण? डॉक्टर? छे! सकाळपासून सात वेळा परसाकडे पळालेला माणूस? त्याला कोण विचारतंय! तुम्हाला सांगतो, ते ठरवतो संगणक... हसू नका, दोन हजार सात सालची गोष्ट आहे, जुलै महिना, आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली. तीस वर्षं बातम्या लिहितोय, तीन नोटिसा खाल्ल्यात, हिंगोलीचा जिल्हा व्हायच्या आधी परभणीला जाऊन भांडायचो, तेव्हा मला कुणी शिकवू नये!

तर कुरुंद्याच्या पुढं आमची वाडी. विहिरीत गढूळ पाणी उतरलं आणि दोन दिवसांत एकतीस माणसं आडवी! शाळेत सतरंज्या टाकल्या, बघायला एकट्या नर्सबाई नीलाबाई, आणि सलाईनच्या बाटल्या उरल्या चार. माझी चुलती धुरपताबाई त्यातच पडलेली. चुलतभाऊ दगडोबाचा फोन, "दादा, माय डोळे फिरवून राहिली, पथकाची गाडी काहून येईना?" मी निघालो तडक जिल्ह्याच्या गावी, एका कचेरीत... कोणत्या ते सांगत नाही, चौथी नोटीस नको.

आत साहेब. विचारलं, पथक का नाही पाठवलं? तर म्हणतात कसे, अगदी लोण्यासारख्या आवाजात, "साथ कुठाय? आमच्याकडे नोंदच नाही. आता सगळं संगणकावर असतं ना! गावाकडून रुग्णांची यादी येते, सॉफ्टवेअर तपासतं, पास झाली की वर जाते, मग पथकाचा हुकूम निघतो. तुमच्या वाडीची यादी आली होती, नापास झाली. काय आहे, फॉरमॅट बराबर पाहिजे!"

नापास! एकतीस माणसं हगून हगून अर्धी झाली, आणि नापास!

संगणकावर बसायचा प्रेमानंद, चाळिशीचा भला माणूस, आमच्याच वाडीचा भाचा. घाम पुसत म्हणाला, "दादा, चार बार टाकून पाहिली. लाल येऊन राहिलं." काय लाल? वाकून बघितलं. लिहिलं होतं, 'एकाच जन्मतारखेचे तेवीस रुग्ण. नोंद संशयास्पद. यादी अमान्य.' आणि तारीख कोणती? एक जून!

आता खरं सांगा, तुमच्यातले एक जूनचे किती? करा हात वर!... बघा, अर्धी सभा! बापानं पोरगं उचलून शाळेत नेऊन ठेवायचं, गुरुजींनी बघायचं की डोक्यावरून हात नेऊन कान धरता येतो का, आला तर वय झालं, लिहा एक जून! मी एक जून, माझा भाऊ एक जून, अहो, लिहिणारे गुरुजीसुद्धा एक जून! आणि काकी तर शाळेत गेलीच नाही. नीलाबाईंनी विचारलं, जन्म कधीचा? ती म्हणाली, "रझाकार पळाले तवा मी शेरडं राखत व्हते." संगणकात रझाकारांचा रकाना आहे का? नाही! मग टाका एक जून! आणि लांब कुठंतरी गार खोलीत बसून केलेलं ते सॉफ्टवेअर आम्हाला म्हणतं, संशयास्पद!

म्हटलं, अंदाजे वय टाक. "न्हाई घेत, तारीखच पायजे." रिकामं सोड. "लाल." मग म्हटलं, गेल्या आठवड्याची यादी दाखव. दाखवली. ताप शून्य, हगवण शून्य, सगळं शून्य! नीलाबाई रजेवर होत्या, वाडीत कुणी फिरकलंच नव्हतं! आणि शेजारी खूण कसली? हिरवीगार! म्हणजे शून्याचं फॉरमॅट बराबर!

मी टेबलावर हात आपटला. साहेब म्हणाले, "तुमच्या भावना मी समजू शकतो." भावना काय सलाईनमधून चढवू? तेवढ्यात पुन्हा दगडोबा, "दादा, एकच बाटली राहिली..."

खुर्ची ओढली. म्हटलं, प्रेमानंदा, लाव यादी, वाटू या वाढदिवस! कोंडीबाला काय? प्रेमानंद हळूच म्हणाला, "मामाला चौदा एप्रिल देऊ, खूश व्हईल म्हातारा." दिली! जनकाबाईला सव्वीस जानेवारी. भिकाबाई आणि द्वारकाबाई सख्ख्या जावा, एका दिवशी दिल्या तर केकावरून भांडतील, म्हणून एक होळीला, एक दिवाळीला. काकीला सतरा सप्टेंबर, मुक्तिसंग्रामाचा दिवस, रझाकारांना राखून ठेवलेला! तेवीस थापा, अर्धा तास... आणि बटण दाबलं.

हिरवं!

खरं दिलं तर लाल, थापा दिल्या तर हिरवं! तीन वाजता गाडी वाडीत, पथक, पन्नास बाटल्या. एकतीसच्या एकतीस उठून बसली! काकीनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय? "मुडद्या, येवढा येळ काहून लावला?" आता तिला काय सांगू? काकी, तू पास होत नव्हतीस!

तुम्ही म्हणाल, मग बातमी झणझणीत दिली असेल. लिहिली ना! एकटाकी, आठशे शब्द! आणि शेवटच्या ओळीशी हात थांबला. तीस वर्षं ओरडतोय की सरकारी नोंदी खोट्या असतात, आणि या तेवीस खोट्या केल्या कुणी? मी! छापली असती तर प्रेमानंदाची नोकरी गेली असती, नीलाबाईंची चौकशी लागली असती. फाडली. काय करता?

महिन्याभरानं वाडीला प्रशस्तिपत्र! 'अचूक माहिती पाठवणारं गाव'! मंडप, हार, भाषणं, नीलाबाई खाली मान घालून खुर्चीत, आणि बातमीला संपादकांनी पाठवलं कुणाला? मलाच! लिहिली. कोण आले, कोण बोलले, आभार कुणी मानले. संध्याकाळी संपादकांचा फोन, आवाज गहिवरलेला, "वा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या बातमीतला एक शब्द कापावा लागला नाही. फॉरमॅट एकदम बराबर!"