माय गेल्यावर माहेर

बसा, बापहो. माय-बहिणींनो, जरा पुढं सरका, मागच्यायले ऐकू येत नाही. मी नसीर. धरणावर मासोळी घेतो, दुसरबीडच्या बाजारात विकतो. बाजारात माहा आवाज पार चौकापर्यंत जाते. आज मागच्या रांगेपर्यंतही जात नाही. गिरजामाय असती तर म्हणाली असती, "काऊन बे, आज भाव नाही का सांगायचा?"

परवा तिले मसणात पोचवून आलो, आणि आज तिच्याच नावानं बोलायचं. कठीण आहे, बापहो.

तिच्या भावाकडची मंडळी सुलतानपूरहून आली आहे. त्यायले माहीत नसल, म्हणून सांगतो. नाला जिथं धरणात उतरते, त्या उथळ पाण्याले आम्ही माहेर म्हणतो. नाव गिरजामायनंच ठेवलं. नाल्याले पाणी आलं की मासोळी तिथं चढते, अंडी सोडते. लेक बाळंतपणाले माहेरी येते, तशी. मग गिरजामाय आपलं हिरवं लुगडं आडवं बांधायची, या बाभळीपासून त्या बाभळीपर्यंत. तिच्या स्वतःच्या डोहाळजेवणाचं लुगडं. ते बांधलं की पोळ्यापर्यंत तिथं जाळं नाही, गळ नाही. पहिल्या वर्षी कोणीतरी बोललं, विधवेनं हिरवं काढू नये. ती म्हणे, "मासोळीनं तक्रार केली का?"

बाहेरचा एक व्यापारी एकदा तिले विचारते, "मावशी, ते माहेर कुठं आहे?" ही म्हणे, "सुलतानपूर." गडी मोटरसायकल घेऊन सुलतानपूरले गेला, आणि वावरावावरात विचारून राह्यला, इथं मासोळी कुठं चढते? हसा, हसा. ती पण पोट धरून हसली होती.

माही आणि तिची खटखट मरळीवरून. मरळ आपल्या पिल्लांवर राखण बसते. वर पाण्यावर पिल्लांचा लाल घोळका, कुंकू सांडल्यासारखा, आणि खाली मरळ. त्या घोळक्यात गळ टाकला की तिनं धरलाच. मी म्हणे, "माय, ती भुकेली राह्यते, म्हणून धरते. त्याले आपण काय करावं?" ती म्हणे, "भुकेली आहे हे तुले कोणं सांगितलं? चिरतो तर तूच. पोटात पाह्य ना."

आता मले सांगा, एवढी वर्षं मासोळी चिरली, तिच्या पोटात काय आहे हे पाहायचं मनात काऊन आलं नसल? पाहू लागलो. पिल्लांवरून काढलेली मरळ, पोट रिकामं. दुसरी चिरली, रिकामं. म्हटलं, जिंकलो. धावत तिच्याकडं गेलो. "पाह्य माय, भुकेलीच आहे."

तिनं ते पोट बोटानं उलटून पाह्यलं. मग म्हणे, "नसीर, तिच्या तोंडापाशी एवढी पिल्लं. पोट रिकामं असून त्यातलं एक खाल्लं नाही तिनं. मग गळाले काऊन झोंबल? ती खायले येत नाही बे. हाकलायले येते."

त्या दिवसापासून पिल्लांवरची मरळ माह्या तराजूवर चढली नाही. आणि गंमत पाहा, एवढं बोलूनही ती म्हणेच, "पक्कं नाही हं. अजून पाहू."

काल नाल्याले पाणी आलं. आणि दुपारी एक जण खांद्यावर जाळं टाकून मले विचारते. नाव घेत नाही, तो इथंच बसला आहे. विचारते, "नसीरभाई, माय गेली. आता माहेर राह्यलं का?"

मले राग नाही आला. सवाल खरा आहे. माय गेली की माहेर संपलं, असं आपल्या बायाच म्हणतात. पण खरंच संपते का? बहिणींनो, तुम्हीच सांगा. माय गेल्यावरही जाता ना भावाकडं? भावजय दार उघडते ना? मग माहेर कोणामुळं राह्यते? गेलेल्या मायमुळं, का दार उघडणाऱ्यामुळं? मी तर व्यापारी, मले नाही समजत. तुम्हाले समजत असल.

तिथं ना पहारा, ना कुलूप. एक विरलेलं लुगडं, बस. आपण मानलं तर आडवं आहे, नाही मानलं तर वाऱ्यानंही उडते.

ते लुगडं आत्ता तिच्या सुनेच्या मांडीवर आहे. इथून आपण नाल्यावर जाऊ. एक टोक सून बांधल. दुसरं टोक, काल ज्यानं मले सवाल विचारला, त्यानं बांधावं असं मले वाटते. जबरदस्ती नाही. त्याच्या मनानं.

हां. उठला पाहा तो.

आता आपणही उभे राहू. कोणी बोलू नका. नाल्याचं पाणी इथपर्यंत ऐकू येते, तेवढं ऐका.

माय, सलाम.